जुन्या होम कॉम्प्युटरवर बेसिकमधून मशीन कोड फाइल कशी लोड करायची? संपूर्ण माहिती

झेडएक्स स्पेक्ट्रम, कमोडोर ६४, बीबीसी मायक्रो ही १९८०च्या दशकातली होम कॉम्प्युटर्स आज इम्युलेटरवर पुन्हा चालवली जात आहेत. पण एखादी जुनी फाइल मिळाली आणि ती नुसती लोड केली, तर बरेचदा काहीच होत नाही. कधी मशीन गप्प बसतं, कधी पडद्यावर कचरा दिसतो, तर कधी कॉम्प्युटर सरळ रीसेट होतो. फाइल बिघडलेली असेलच असं नाही. बहुतेक वेळा ती चुकीच्या जागी गेलेली असते, किंवा चुकीच्या जागेवरून सुरू केलेली असते.

आजच्या लेखात आपण बेसिकमधून मशीन कोड लोड करण्याची पद्धत नीट समजून घेऊ. मुख्य उदाहरण झेडएक्स स्पेक्ट्रमचं घेतलं आहे. हे मशीन ब्रिटनच्या सिंक्लेअर रिसर्चने एप्रिल १९८२मध्ये बाजारात आणलं. आपल्या वाचकांसाठी त्याचा एक जवळचा संबंधही आहे: पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने याच मशीनची परवानाप्राप्त आवृत्ती 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' या नावाने भारतात विकली. त्यामुळे आपल्याकडच्या काही घरांत या कॅसेट अजूनही पडून असू शकतात.

एक सूचना: या लेखात कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. प्रत्यक्ष मशीनवर त्या इंग्रजी अक्षरांत असतात, आणि आकडेही इंग्रजीच.

## मशीन कोड फाइल म्हणजे काय?

बेसिक प्रोग्राम हा ओळींचा बनलेला असतो. रॉममधला बेसिक इंटरप्रिटर प्रत्येक ओळ वाचतो, तिचा अर्थ लावतो आणि मग काम करतो. हे शिकायला सोपं आहे, पण हळू. स्पेक्ट्रमचा चित्रासाठीचा भाग ६१४४ बाइटचा आहे. तो बेसिकच्या लूपमध्ये पोक करत भरायला अर्ध्या मिनिटाहून जास्त वेळ लागतो. तेच काम मशीन कोड सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत उरकतो. म्हणूनच त्या काळातले जवळजवळ सगळे वेगवान गेम्स मशीन कोडमध्ये लिहिलेले असत.

मशीन कोड म्हणजे प्रोसेसरला थेट कळणारे आकडे. स्पेक्ट्रममध्ये ३.५ मेगाहर्ट्झचा झेड८०ए प्रोसेसर आहे. त्याच्या दृष्टीने २०१ या आकड्याचा अर्थ 'जिथून आलास तिथे परत जा' असा होतो. पण हाच २०१ चित्राचा एखादा तुकडा असू शकतो किंवा गेममधला स्कोअरही. नुसत्या आकड्याकडे बघून ते कळत नाही.

म्हणून मशीन कोडची फाइल चालवायची तर तीन प्रश्नांची उत्तरं लागतात:

१. हे बाइट मेमरीत कोणत्या पत्त्यावर ठेवायचे?
२. तिथे बेसिकने हात लावू नये म्हणून जागा कशी राखायची?
३. ठेवल्यावर नेमक्या कोणत्या पत्त्यावरून सुरू करायचं?

संपूर्ण विषय या तीन प्रश्नांत आहे. प्रत्येक मशीन ही उत्तरं वेगळ्या ठिकाणी ठेवतं आणि गोंधळ होतो तो तिथेच.

## स्पेक्ट्रमच्या मेमरीचा नकाशा

कोड कुठे ठेवता येईल हे कळण्यासाठी आधी ४८के स्पेक्ट्रमची मेमरी पाहू.

- ० ते १६३८३: रॉम. इथे काही लिहिता येत नाही.
- १६३८४ ते २२५२७: पडद्यावरचं चित्र, ६१४४ बाइट.
- २२५२८ ते २३२९५: त्या चित्राचे रंग, ७६८ बाइट.
- २३२९६ ते २३५५१: प्रिंटर बफर, २५६ बाइट.
- २३५५२ पासून: सिस्टिमच्या स्वतःच्या नोंदी.
- २३७५५ पासून: आपला बेसिक प्रोग्राम, त्यानंतर त्याचे व्हेरिएबल.
- ६५३६७: रॅमटॉप, म्हणजे बेसिकची वरची हद्द.
- ६५३६८ ते ६५५३५: आपण स्वतः काढलेल्या अक्षरांची जागा, १६८ बाइट.

बेसिक प्रोग्राम आणि व्हेरिएबल खालून वर वाढतात. रॅमटॉपच्या लगेच खाली मशीनचा स्टॅक असतो, तो वरून खाली वाढतो. मधली जागा रिकामी दिसते, पण ती आपली नाही. दोन्ही बाजूंनी कोणीही केव्हाही तिथे येऊ शकतं. शिवाय 'न्यू' कमांड दिली की रॅमटॉपपर्यंतची बेसिकची मेमरी साफ होते.

## पायरी पहिली: 'क्लिअर' देऊन जागा राखणे

उपाय सोपा आहे. रॅमटॉपच खाली आणायचा. त्यासाठी कमांड आहे:

क्लिअर ३२७६७

आता बेसिकची हद्द ३२७६७ला संपली. ३२७६८ पासून वरची सगळी जागा आपल्या कोडची. तिथे बेसिक जात नाही आणि 'न्यू' दिल्यावरही ती तशीच राहते. नियम लक्षात ठेवा: कोड ज्या पत्त्यावर सुरू होतो, त्याच्या एकने कमी आकडा 'क्लिअर'ला द्यायचा.

जुन्या लोडरमध्ये ३२७६८ हा आकडा वारंवार दिसतो. १६३८४ ते ३२७६७ या पट्ट्यातली मेमरी प्रोसेसर आणि चित्र दाखवणारी यूएलए चिप या दोघांना वाटून घ्यावी लागते. यूएलएचं काम चालू असताना प्रोसेसरला थांबावं लागतं. ३२७६८च्या वर हा अडथळा नाही, म्हणून तिथे कोड पूर्ण वेगात चालतो.

दोन गोष्टी सांभाळा. 'क्लिअर' सगळे व्हेरिएबल पुसते, म्हणून ती प्रोग्रामच्या अगदी सुरुवातीला लिहा. आणि आकडा फार लहान दिलात, म्हणजे बेसिक प्रोग्रामलाच जागा उरणार नाही इतका, तर 'एम रॅमटॉप नो गुड' असा एरर येतो.

## पायरी दुसरी: 'लोड "" कोड'

कॅसेटवरून मशीन कोड आणण्याच्या तीन रीती आहेत:

- लोड "" कोड: टेपवर जो पत्ता नोंदवला आहे, तिथेच ठेव.
- लोड "" कोड ४००००: टेपवर काहीही असो, ४००००वर ठेव.
- लोड "" कोड ४००००,५००: ४००००वर ठेव, पण फाइल ५०० बाइटपेक्षा मोठी असेल तर घेऊ नकोस.

तिसऱ्या रीतीत फाइल मोठी निघाली तर 'आर टेप लोडिंग एरर' येतो. शेजारच्या मेमरीवर चुकून काही लिहिलं जाऊ नये म्हणून ही सोय आहे. 'लोड "" स्क्रीन$' ही कमांडही वेगळं काही करत नाही. 'लोड "" कोड १६३८४,६९१२' याचंच ते छोटं रूप आहे.

इथे नवखे लोक हमखास अडकतात ती जागा म्हणजे 'कोड' हा शब्द विसरणे. नुसतं 'लोड ""' दिलं तर स्पेक्ट्रम बेसिक प्रोग्राम शोधतो. मशीन कोडची फाइल समोर आली तर तो 'बाइट्स' असं लिहून तिचं नाव दाखवतो आणि ती सोडून पुढची शोधत बसतो. एरर काही येत नाही, त्यामुळे वाटतं की लोड होतंय. जुन्या स्पेक्ट्रमवर 'कोड' हा शब्द एकेक अक्षराने टाइप करून चालत नाही, हेही लक्षात ठेवा. एक्स्टेंडेड मोडमध्ये जाऊन 'आय'ची की दाबावी लागते. तसंच 'यूएसआर'साठी एक्स्टेंडेड मोडमध्ये 'एल'ची की.

## टेपवर नेमकं काय असतं?

प्रत्येक फाइल टेपवर दोन तुकड्यांत असते. आधी हेडर, मग खरा डेटा.

हेडर १७ बाइटचा असतो. पहिला बाइट प्रकार सांगतो: ० म्हणजे बेसिक प्रोग्राम, १ आणि २ म्हणजे ॲरे, ३ म्हणजे कोड. मग १० अक्षरांचं नाव, २ बाइट लांबी आणि शेवटी २-२ बाइटच्या दोन नोंदी. कोड फाइलसाठी यातली पहिली नोंद म्हणजे सुरुवातीचा पत्ता.

टेपवर प्रत्येक तुकड्याच्या आधी एक ओळखीचा बाइट असतो, हेडरसाठी ० आणि डेटासाठी २५५. शेवटी तपासणीचा एक बाइट असतो. सगळे बाइट एकमेकांशी जुळवून आलेलं उत्तर या शेवटच्या बाइटशी पटलं नाही, की 'आर टेप लोडिंग एरर'.

वेगाचा अंदाज हवा असेल तर: हेडरच्या आधीचा एकसुरी आवाज सुमारे ५ सेकंद, डेटाच्या आधीचा सुमारे २ सेकंद. पडद्याचे पूर्ण ६९१२ बाइट यायला साधारण ४० सेकंद. हा एकसुरी आवाज चालू असताना पडद्याच्या कडेला लाल-निळसर पट्टे दिसतात, खरा डेटा येताना निळे-पिवळे.

हे पट्टे बिघाड शोधायलाही उपयोगी पडतात:

- पट्टे हलतच नाहीत: केबल चुकीच्या सॉकेटमध्ये आहे किंवा आवाज फार कमी आहे.
- लाल-निळसर पट्टे येतात, पण फाइलचं नावच दिसत नाही: आवाज कमी-जास्त करून पाहा. टेपरेकॉर्डरच्या हेडचा कोनही बिघडलेला असू शकतो.
- नाव दिसतं, मग मध्येच एरर येतो: हेडर ठीक आहे, डेटाच्या भागात टेप खराब आहे.

## पायरी तिसरी: 'रँडमाइझ यूएसआर'

कोड आला, जागेवर बसला. आता सुरू कसा करायचा?

रँडमाइझ यूएसआर ३२७६८

या विचित्र कमांडचा अर्थ बऱ्याच जणांना कधीच कळला नाही. 'यूएसआर' ही कमांड नसून फंक्शन आहे. ती दिलेल्या पत्त्यावरचा मशीन कोड चालवते आणि काम संपल्यावर प्रोसेसरच्या बीसी या रजिस्टर जोडीत जो आकडा असेल तो उत्तर म्हणून देते. पण बेसिकमध्ये फंक्शन एकटी लिहिता येत नाही, पुढे कोणतीतरी कमांड लागते. 'रँडमाइझ' हा आकडा मुकाट्याने घेते आणि पडद्यावर काही लिहीत नाही, म्हणून तीच रूढ झाली. उत्तर बघायचं असेल तर 'प्रिंट यूएसआर' वापरा.

स्वतः कोड लिहिणार असाल तर एक पथ्य पाळा. बेसिककडे परत यायचं असेल तर आयवाय रजिस्टर आणि पर्यायी एचएल रजिस्टर जसंच्या तसं परत करा. बेसिक त्यांच्यावर अवलंबून असतं. ते बदलले तर तुमचा कोड बरोबर चालतो, पण परतल्यावर मशीन कोसळतं.

## चार बाइटचं उदाहरण, स्वतः करून पाहा

इम्युलेटरवर हा प्रोग्राम टाइप करा:

१० क्लिअर ५९९९९
२० फॉर आय=६०००० टू ६०००३
३० रीड ए: पोक आय,ए
४० नेक्स्ट आय
५० डेटा १,२३२,३,२०१

'रन' द्या. मग 'प्रिंट यूएसआर ६००००' द्या. पडद्यावर १००० दिसेल.

कसं? पहिला बाइट १ सांगतो, 'पुढचे दोन बाइट बीसीमध्ये भर.' ते आहेत २३२ आणि ३. झेड८० लहान भाग आधी ठेवतो, म्हणून किंमत होते २३२ + ३ × २५६ = १०००. शेवटचा २०१ बेसिककडे परत पाठवतो.

आता हे चार बाइट साठवा: सेव्ह "हजार" कोड ६००००,४. नाव अर्थातच इंग्रजी अक्षरांत. मग मशीन पूर्ण बंद करून चालू करा, 'क्लिअर ५९९९९' द्या, 'लोड "" कोड' द्या आणि पुन्हा 'प्रिंट यूएसआर ६००००'. तोच १००० परत आला, तर तिन्ही पायऱ्या तुम्हाला जमल्या.

विकत मिळणाऱ्या कॅसेटवर सुरुवातीला असाच छोटा बेसिक लोडर असे:

१० क्लिअर ३२७६७
२० लोड "" कोड
३० रँडमाइझ यूएसआर ३२७६८

तो 'सेव्ह "गेम" लाइन १०' असा साठवला की लोड होताच आपोआप सुरू होतो.

## इतर मशीनवर काय फरक आहे?

कमोडोर ६४: कमांड आहे लोड "नाव",८,१. यात ८ म्हणजे डिस्क ड्राइव्ह. शेवटचा १ फार महत्त्वाचा. तो असेल तर फाइलच्या पहिल्या दोन बाइटमध्ये लिहिलेल्या पत्त्यावर कोड जातो. नसेल तर सगळं बेसिकच्या जागी, म्हणजे २०४९ला जाऊन बसतं. चालवायला 'सिस ४९१५२'. हा पत्ता आवडता, कारण ४९१५२ ते ५३२४७ हे ४०९६ बाइट बेसिक वापरतच नाही, जागा राखायची गरज पडत नाही.

इथे दोन खोड्या आहेत. पहिली: प्रोग्राममध्ये 'लोड' वापरलं की काम झाल्यावर प्रोग्राम पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू होतो आणि तीच फाइल पुन्हापुन्हा लोड करत राहतो. व्हेरिएबल मात्र पुसले जात नाहीत, म्हणून असं लिहितात:

१० इफ ए=० देन ए=१: लोड "नाव",८,१
२० सिस ४९१५२

दुसरी खोडी: कोड थेट लोड केल्यावर बेसिकला वाटतं की आपला प्रोग्रामच तिथपर्यंत लांबला आहे. मग साध्या कमांडलाही 'आउट ऑफ मेमरी' येतं. 'न्यू' दिलं की ते ठीक होतं, आणि ४९१५२वरचा कोड तसाच राहतो.

बीबीसी मायक्रो: भारतात १९८४मध्ये सुरू झालेल्या 'क्लास' या शालेय संगणक प्रकल्पात हेच मशीन वापरलं गेलं. इथे फाइलसोबत ठेवायचा पत्ता आणि सुरू करायचा पत्ता दोन्ही नोंदवलेले असतात. '*लोड' नुसतं आणून ठेवतं, '*रन' आणून सुरूही करतं. अडचण येते ती कॅसेटचा प्रोग्राम डिस्कवर नेताना. कॅसेटवर बेसिकची जागा ३५८४ पासून सुरू होते, पण डिस्कची नेहमीची डीएफएस यंत्रणा असेल तर ६४०० पासून. मधली जागा डिस्कच्या कामाला लागते. म्हणून कोड आधी वर लोड करून मग खाली सरकवावा लागतो.

एमएसएक्स: कमांड आहे 'बीलोड'. फाइलच्या सुरुवातीला ७ बाइटमध्ये खूण, सुरुवात, शेवट आणि सुरू करायचा पत्ता असतो. शेवटी ',आर' जोडलं की लोड होताच चालू. सगळ्यात सुटसुटीत पद्धत हीच.

## जुनी कॅसेट जतन करताना ही काळजी घ्या

आता मुद्द्याची गोष्ट. वरची तुलना पुन्हा बघा. बीबीसी आणि एमएसएक्सच्या फाइलमध्ये सुरू करायचा पत्ता असतो. स्पेक्ट्रमच्या हेडरमध्ये ठेवायचा पत्ता आहे, सुरू करायचा नाही. कमोडोरच्या फाइलचंही तसंच. मग तो असतो कुठे? फक्त त्या छोट्या बेसिक लोडरमध्ये, 'यूएसआर' किंवा 'सिस'च्या पुढे.

कॅसेटचं डिजिटायझेशन करताना लोक मोठी फाइल जपतात आणि तीन ओळींचा लोडर 'यात काय आहे' म्हणून सोडून देतात. असं झालं तर हजारो बाइट शाबूत असूनही प्रोग्राम चालत नाही. कोडचा पहिला बाइट हीच सुरुवात असेल असंही नाही, कारण तिथे बरेचदा चित्रं किंवा तक्ते असतात. मग पूर्ण कोड उलगडून सुरुवात शोधावी लागते. म्हणून टेप नेहमी सुरुवातीपासून शेवटपर्यंत रेकॉर्ड करा. साध्या टेपसाठी 'टॅप' फॉरमॅट पुरतो. वेगळ्या वेगाचे, स्वतःचे लोडर असलेल्या टेपसाठी 'टीझेडएक्स' वापरा.

लोडर वाचायचा असेल तर 'लोड ""'ऐवजी 'मर्ज ""' द्या. त्यामुळे तो आपोआप सुरू होत नाही आणि 'लिस्ट' करून आकडे पाहता येतात. पण डोळे उघडे ठेवा:

- 'यूएसआर व्हॅल "३२७६८"' असं दिसलं तर गोंधळू नका. स्पेक्ट्रम प्रत्येक आकड्यामागे ६ जादा बाइट साठवतो. अवतरणातला मजकूर तसा साठवला जात नाही, म्हणून इथे ३ बाइट वाचतात.
- त्या ६ पैकी ५ बाइटमध्ये आकड्याची खरी किंमत असते आणि मशीन तीच वापरतं. कॉपी रोखण्यासाठी काही लोडरमध्ये पडद्यावर ० दिसेल पण आतला आकडा वेगळा असेल असं केलेलं असतं. दिसणाऱ्या आकड्यावर आंधळा विश्वास नको, 'पीक' करून तपासा.
- 'पोक २३७३९,१११' दिसलं तर घाबरू नका. लोड होताना फाइलचं नाव चित्रावर उमटू नये म्हणून ते केलेलं असतं.

## वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोड दुसऱ्याच पत्त्यावर लोड केला तर चालेल का?
बहुधा नाही. कोडमध्ये 'अमुक पत्त्यावर उडी मार' अशा आज्ञा असतात आणि त्यातले पत्ते पक्के असतात. 'इथून इतके बाइट पुढे' अशा सापेक्ष उड्या असतील तरच तो कुठेही चालतो.

रेमच्या ओळीत विचित्र अक्षरं दिसतात, ती काय आहेत?
तो मशीन कोडच असू शकतो. पहिली ओळ रेम असेल तर तिच्यातला मजकूर स्पेक्ट्रमवर २३७६० पासून आणि झेडएक्स८१वर १६५१४ पासून सुरू होतो. तिथे कोड ठेवला की तो बेसिक प्रोग्रामसोबतच सेव्ह होतो. मात्र स्पेक्ट्रमला इंटरफेस १ जोडलेला असेल तर ही जागा सरकू शकते.

१६के स्पेक्ट्रमवर ३२७६८चा कोड चालेल का?
नाही. त्या मशीनची रॅम ३२७६७लाच संपते.

इम्युलेटरमधली स्नॅपशॉट फाइल असेल तर हे सगळं लागतं का?
लागत नाही. स्नॅपशॉटमध्ये पूर्ण मेमरी आणि प्रोसेसरची त्या क्षणाची स्थिती असते. पण टेपवर मुळात काय होतं हे त्यातून कळत नाही, म्हणून जतनासाठी टेपची फाइलच ठेवा.

## थोडक्यात

कुठे ठेवायचं हे 'लोड' सांगतं, जागा 'क्लिअर' राखतं आणि सुरुवात 'यूएसआर' करून देतं. मशीन बदललं की कमांड बदलतात, हे तीन प्रश्न बदलत नाहीत. तुमच्या कपाटात एखादी जुनी कॅसेट असेल, तर तिच्यावरचा तो छोटासा लोडर आधी जपा. कव्हरवर हाताने लिहिलेला एखादा पाच अंकी आकडा दिसला तर तोही टिपून ठेवा. तो बहुधा कोणाचा तरी 'यूएसआर'चा पत्ता असेल.